शाळेच्या नावाने गेलेला मेल

प्रिय निकिता,

सासऱ्याने सुनेला पत्र लिहावं, तेही सेलूहून तुझ्या माहेरी पेडगावला, याचं तुला हसू येईल. फोन कितीदा तरी हातात घेतला, पण तुझा आवाज ऐकून माझी दातखीळच बसली असती. इकडे तुझ्या सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बरोबरच आहे त्यांचं.

मुख्याध्यापिका अनसूयाबाई दहावीच्या मुलांना कॉप्या पुरवतात, असा तो मेल शाळेच्या पत्त्यावरून सगळ्या पालकांना गेला. मेलचं काम गोपाळ कारकुनाचं, म्हणून संस्थेने त्यालाच घरी बसवलं. त्या कागदावर सचिव म्हणून सही माझी. मग खात्री करावी म्हणून मीच तुला शाळेचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासायला लावलं. तू भाजी चिरता चिरता समजावलंस, शाळेच्या नावाने मेल कुठून पाठवायची मुभा आहे हे डोमेनच्या टेक्स्ट रेकॉर्ड नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं, आणि ते जगात कोणालाही वाचता येतं. त्यात एक परका सर्व्हर नव्याने घुसवलेला होता. तो घालायचा पासवर्ड गोपाळला माहीतही नाही. तो एकट्या आदिनाथकडे, त्याच शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मुलाकडे, तुझ्या नवऱ्याकडे. अनसूयाबाईंच्या मुख्याध्यापकपदावर त्याचा डोळा होता, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं?

आणि उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलेला मी तुला काय म्हणालो? आदिनाथकडून पासवर्ड घे नि ती ओळ पुसून टाक, घरातलं घरात राहू दे. तू नाही म्हणालीस आणि बॅग भरलीस. मग आदिनाथने ती पुसली. मी शेजारी बसून बघत होतो. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

परवा बाजारात गोपाळ भेटला. वाटलं, चार शिव्या देईल. तर म्हणाला, "सर, तुमी हाव म्हणून भरवसा हाय. खरं काय ते निघंलच." वर माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली. मी ती उचलूही दिली.

सोमवारी संस्थेची बैठक आहे. मी सगळं सांगणार आहे. पण आदिनाथ कानावर हात ठेवतो, आणि रेकॉर्ड आता स्वच्छ दिसतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच म्हणतील. तू त्या दिवशी स्क्रीनचा फोटो काढला होतास. तोही पुसून टाक म्हणून मी तुझ्यापुढे हात जोडले होते. पोरी, तू माझं ऐकलं नसशील, एवढ्याच आशेवर हे पत्र लिहितोय.

तुझाच,
नाना