थिजलेली भट्टी

१० जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

येत्या अठ्ठावीसला माझ्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. यांनी रजा टाकली आहे. मिठाचा खडा चिरडता येतो, वाकवता येत नाही, इथवर मुलांना शिकवून झालंय. घन मिठातून वीज जात नाही आणि वितळलं की जाते, हे आता बदली बाई शिकवतील. तुम्ही यावं असं वाटतं. भट्टीचं कारण पुढे कराल, ठाऊक आहे. माझ्या लग्नातही तुमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

तब्येतीला जपा.

तुमची मास्तरीण

१४ जून

चि. मास्तरणीस, अनेक आशीर्वाद.

तू एका ओळीत शिकवतेस त्यावर आमचं पोट चालतं. मीठ आठशे अंशांपुढे पाण्यासारखं होतं, मगच त्यातून वीज जाते आणि तीच त्याला तापतं ठेवते. थिजलं की दगड. म्हणून त्यात बुडवून कडक करायला गिऱ्हाइकांचे पोलादी कटर नसले तरी भट्टी चालूच. बंद करायचीच, तर मीठ पातळ असतानाच तारेचं वेटोळं आत बुडवून ठेवावं लागतं, त्याच्या आचेनेच मीठ पुन्हा वितळतं, नाहीतर भट्टी सुरू होत नाही. भागीदार कंबर धरून घरी बसलाय. डॉक्टर नावाजलेले, जावईबापू जवळ. मी येऊन काय दिवे लावणार?

औषध चुकवू नकोस, लोभ आहेच.

बाबा

१८ जून

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमची अडचण समजली. रागावलेली नाही. मला भीती वाटते, एवढंच लिहायचं होतं. यांना सांगितलं तर हे माझ्याहून घाबरतील.

तुमची मास्तरीण

२२ जून

चि. मास्तरणीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कारखान्यात उभ्यानेच वाचलं आणि वीज बंद केली. तुझी आई गेली त्या दिवशीही केली नव्हती. घरी येऊन कपडे भरले, जेवलो, तेव्हा आठवलं की वेटोळं खुंटीलाच राहिलं. परत जाऊन सळईने ठोकून पाहिलं. मीठ तळापर्यंत घट्ट. भागीदार अंथरुणातूनच म्हणाला, नवशिक्याने असं केलं असतं तर तुम्हीच त्याला हाकलला असता. खरं आहे. आता सगळं छिन्नीने फोडून काढायचं. ठिसूळ आहे, निघेल.

मलाही भीती वाटते. गिऱ्हाइकांचे कटर परत करून पंचवीसच्या गाडीने निघतो, दुसऱ्या दिवशी पोचेन. गाडी रखडली तर डॉक्टरांना थांबायला सांग. मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस.

बाबा