अण्णांची लुंगी

बाबा, तुमचा राग आला की मी अजूनही भांडी आपटते. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण काल पुन्हा आपटली.

राग त्याच लुंगीचा. आपल्या माडीवर भाड्यानं राहणारे, मद्रासकडून नोकरीसाठी आलेले अण्णा कचेरीत तुमच्याच शेजारच्या टेबलावर बसायचे. रोज सकाळी तुम्ही दोघं बरोबरच सायकली काढायचात. आई बाळंतपणानंतर तापानं पडली, तेव्हा त्यांच्या बायकोनं आपल्या चुलीवर आम्हाला रांधून घातलं. मग बढती अण्णांना मिळाली. तुम्ही हसत हसत त्यांच्याकडून पेढे मागून खाल्लेत. घरात मात्र दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत.

पोळा जवळ आलाय. तुम्ही जिन्याखाली उभे आहात. "अन्ना, एखादी जुनी लुंगी हाये का? मोहल्ल्यातल्या पोरायले पाहिजे." अण्णा लुंगी आणून देतात, धुतलेली, नीट घडी घातलेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आपल्या मोहल्ल्याचा बडग्या निघाला. मारबत हा बाईचा पुतळा, बडग्या पुरुषाचा; गावाची पीडा त्यांच्या गळ्यात बांधायची आणि त्यांना बाहेर नेऊन जाळायचं, ही आपली रीत. त्या वर्षीच्या बडग्याला अण्णांची लुंगी होती, कपाळावर त्यांच्यासारखे भस्माचे पट्टे होते, आणि गळ्यातल्या पुठ्ठ्यावर तुमच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या नोकऱ्या खाणारे परके, घेऊन जा गे मारबत!' अण्णा बायकोला मिरवणूक दाखवायला गॅलरीत उभे होते. खालचे लोक वर बघून हसले. अण्णांनी लुंगी ओळखली, बायकोचा हात धरून तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

आईनं तुम्हाला विचारलं, "काहून, त्याचीच लुंगी भेटली का तुमाले?"

"मारबतीच्या दिवशीचं कोनी मनावर घेते का वं? उद्या त्याच्याचसंग चहा पिईन मी."

कसला चहा! त्या महिन्यातच अण्णांनी माडी सोडली. आणि तुम्ही? जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, "सख्ख्या भावावानी वागवलं त्याले, अन् कसा गेला पाहा." चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या! खरं काय होतं, बाबा, ती सायकल की तो बडग्या? सायकल, असंच म्हणाल तुम्ही. पण बडग्याला बांबू लागतात, भाताची तणस भरावी लागते, अंगणात बसून खपावं लागतं. तोंडातून निसटलेला शब्द नव्हता तो. शिवाय लुंगी मागताना तुमची नजरसुद्धा खाली गेली नाही, याची मला आजही किळस येते.

आता तुमच्या नातवाचं ऐका. आमच्या इमारतीचा बिहारी चौकीदार तापला, तर यानंच त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. आणि काल याच्या फोनवर मी वाचलं. खोटं नाव घेऊन हा लिहितो की या बाहेरच्यांना रेल्वेच्या डब्यात कोंबून परत हाकला, वाटेत मेले तरी चालतील. खाली शेकड्यांनी टाळ्या. मी विचारलं तर हसला.

"फोनवरचं कोनी मनावर घेते का वं आई?"

तुम्ही त्याच्या जन्माआधीच गेलात. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं?

हे सगळं खरं तर त्यालाच ऐकवायचं होतं. तो पलीकडच्या खोलीतच आहे, दारही उघडं आहे. पण तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उलटून बोलणार नाही.