कोण हवंय तुम्हाला?

किस्लेव महिना, ३

पुन्हा तेच स्वप्न. ओरोविदा आमच्या स्वयंपाकघरात शनिवारच्या शब्बाथसाठी पावाचं पीठ मळतेय. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर एक बट. खिडकीतून नदीवरचं धुकं सरळ आत येतंय आणि तिला त्याचं काहीच नाही. मी दारात. तिने वर पाहिलं — परक्या माणसाकडे पाहावं तसं! "कोण हवंय तुम्हाला?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

जाग आली तेव्हा उशी ओली. बायको जाऊन दोन वर्षं झाली आणि हे आता सुरू झालंय.

किस्लेव, ४

स्वप्न म्हणजे पोटातली वाफ. मीच शिकवतो ना हे! रात्री वांगी खाल्ली होती.

आणि त्यात नवीन ते काय? मेल्यावर चेहरे राहत नाहीत, नाती राहत नाहीत. बुद्धीला जे खरं उमगलं तेवढंच उरतं — माझं हे मत सरागोसाच्या साऱ्या ज्यू वस्तीत गाजतंय. मग तिने मला ओळखावं तरी कशाला? नवऱ्याचं मत पाळतेय बिचारी. रडू येतंय. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

किस्लेव, ६

बोनादोना विणकरीण. उन्हाळ्यात तिची मुलगी तापाने गेली. मध्यंतरी विचारायला आली होती, "रब्बी, तिकडे माझी क्लारा मला ओळखेल ना?" मी माझं मत सांगितलं. ती म्हणाली, "सहा वर्षांची होती हो. तिला काय उमगलं असणार? म्हणजे तिचं काहीच नाही उरलं?"

मी ग्रंथाचं पान उलटलं. तेव्हापासून ती प्रार्थनेला येत नाही. शेजारणी सांगतात, चूलसुद्धा पेटवत नाही. आज तिच्या दारावरून गेलो. थांबलो नाही. भ्याड!

किस्लेव, ७

थोरल्या बहिणीला, रेइनाताईला, स्वप्न सांगून बसलो. म्हणाली, "मग वाईट स्वप्नाची रीत कर की. जीव लावणारी तीन माणसं बोलव, त्यांच्यापुढे सांग, 'चांगलंच आहे' म्हणवून घे."

"ताई, ती पोटातली वाफ असते."

"तोद्रोस, तुझ्या पोटाला पहाटे पहाटे बायको बरी आठवते!"

किस्लेव, ९

जीव लावणारी तीन माणसं! दोघांवरच अडलो — समोरचा रंगारी आणि कोपऱ्यावरचा पाववाला. तिसरा ताईने मला न विचारताच बोलावला: शआल्तिएल, ओरोविदाचा भाऊ. माझ्या शिकवणीवर बंदी घाला म्हणून पंचांपुढे घसा फोडणारा हाच! येतोय कशाला?

किस्लेव, १०

आला. दारातूनच म्हणाला, "तुझ्यासाठी नाही आलो. माझ्या बहिणीसाठी आलोय."

मी स्वप्न सांगितलं. रंगारी आणि पाववाला म्हणू लागले — चांगलंच आहे, चांगलंच होवो. सात वेळा म्हणायचं असतं. शआल्तिएल मग एकदम हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"अरे शहाण्या! पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हा हेच विचारलं होतं तिने. पीठ मळत होती. तू बाबांकडे ग्रंथ मागायला आलेला, आणि नुसता आ वासून उभा. शेवटी मीच म्हटलं, पाहुणा मुका दिसतोय, आत घे!"

विसरलो होतो. जगभरचं शहाणपण ध्यानात ठेवलं आणि नेमकं हे विसरलो.

मग तिघांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शआल्तिएलचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

किस्लेव, ११

बोनादोनाकडे गेलो. उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "बाई, मेल्यावर काय उरतं ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोललो."

"इतके ग्रंथ वाचून?"

"इतके वाचून." मग विचारलं, "क्लारा कशी होती?"

उन्हं कलेपर्यंत सांगत होती. दूध प्यायचीच नाही म्हणे, मांजराला पाजायची. मधेच उठली आणि चूल पेटवली. म्हणाली, "बसा, रब्बी. गारठलात."

किस्लेव, १२

पहाटे आली. तेच धुकं, तेच पीठ, तीच बट. "कोण हवंय तुम्हाला?"

"तू," मी म्हटलं.