टेक्लासमोर, खिडकीपाशी वाचावे

मी, वाल्फ्रिद एंगस्ट्रॉम, वय एकसष्ट, मूकपटांतील माजी नट, राहणार स्टॉकहोम, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाची खात्री नाही, डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःच्या पुतळ्याची तरतूद केली होती, हे सांगतानाही लाज वाटते.

१. राहते घर, सामान व बँकेतील शिल्लक माझी धाकटी बहीण टेक्ला हिला विनाअट मिळावी. ती जन्मापासून बहिरी आहे, बोलणे ओठांवरून वाचते. आईवडिलांमागे तिने शिवणकाम करून मला नाटक कंपनीत जाऊ दिले.

२. चांदीच्या मुठीची काठी दिग्दर्शक ब्रोलिन यांना. १९१९ साली, निरोपाच्या प्रसंगाआधी ते मला म्हणाले होते, "ओठ हलव रे, काय वाटेल ते बोल. ऐकतंय कोण?" काठी द्यावी, पण अंत्यविधीला त्यांना बोलावू नये. दोष त्यांचा नाही, माझा आहे. तरीही बोलावू नये.

३. त्या प्रसंगाची फिल्म माझ्या कपाटात आहे. त्यात मी बर्फावर उभा राहून बायकोचा निरोप घेतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात, 'देव तुला सुखात ठेवो.' थिएटरे रडली. त्या एका प्रसंगावर मी बोलपट येईपर्यंत दहा वर्षे काढली.

त्या दिवशी टेक्ला माझ्यासाठी दालचिनीचे पाव घेऊन चित्रीकरणाच्या जागी आली होती, माझ्या पाठीमागे उभी होती. मी डोळ्यांत पाणी आणून नायिकेला म्हणालो, "ती आमची बहिरी म्हैस आलीय बघ, पाव घेऊन. हाकला तिला कोणीतरी, लाज आणते चारचौघांत." नायिकेचे खांदे हसण्याने हलले. लोकांना तो हुंदका वाटला.

पहिल्या खेळाला टेक्ला बहिऱ्यांच्या मंडळातल्या अकरा जणांना मिरवत घेऊन गेली होती. हे मला कळले गेल्या ईस्टरला. तिची मैत्रीण हुल्डा तोंडावर म्हणाली, "अख्ख्या रांगेने वाचलं तुमचं बोलणं. टेक्ला म्हणाली, त्याला कळू देऊ नका, आत्ता कुठे त्याचं बरं चाललंय." मी फिल्म जाळायला निघालो, तर म्हणाली, "जाळून काय होणार? आम्ही पाहिलीय ना." फिल्म टेक्लाला द्यावी.

४. एकोणीस वर्षे टेक्ला दर रविवारी येते, कॉफी करते, आणि मी बोलू लागलो की माझ्या कॉलरकडे बघते. मी ते तिचे लाजणे समजत आलो. ईस्टरनंतर दर रविवारी माफी मागितली, तिने मान वर केली नाही. चिठ्ठी लिहिली, ती तिने न उघडता चुलीत घातली.

म्हणून हे मृत्युपत्र तिला दिवसाउजेडी, खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून सावकाश वाचून दाखवावे. वकील मालम्स्टेन यांच्या मिशा ओठांवर येतात, तेव्हा वाचन त्यांच्या टंकलेखिका बाईंनी करावे. तिसरे कलम गाळू नये. टेक्लाने मान खाली घातली तर थांबावे, तिला हात लावू नये. वर पाहिले तरच पुढचे म्हणावे: टेक्ला, लाज तू नाही आणलीस, मी आणली.

नाही पाहिले तर कागद मिटावा. घर तिचेच आहे.

स्टॉकहोम, ३ ऑक्टोबर १९३८
(सही) वाल्फ्रिद एंगस्ट्रॉम

साक्षीदार:
हुल्डा टोर्नक्विस्ट, शिवणकाम
सिक्स्टेन वॉलगोर्ड, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे

दोघेही बहिरे असून त्या खेळाला टेक्लाच्या रांगेत होते. वरील सर्व मजकूर मी त्यांच्यासमोर तोंडाने वाचला आणि त्यांनी तो माझ्या ओठांवरून पडताळून पाहिला.