होटगीच्या जनरेटरची मैंदर्गीतली लेकरं

मु. पो. मैंदर्गी

तीर्थरूप शंकरप्पा मामांच्या पायावर भाचा बिरुदेवचं डोकं. इकडं सगळे खुशाल, आईचे गुडघे सोडून. तुमच्या पोटाची तक्रार कमी झाली असावी (मांडववाल्याला रोज लग्नाचं जेवण, कमी कशी होणार म्हणा).

मामा, तुमच्या जनरेटरला तोड नाही. सोनालीच्या अंडी उबवायच्या मशीनमध्ये बचतगटातल्या सगळ्या बायकांची गावरान अंडी होती. पिल्लं आज-उद्या फुटणार आणि नेमका डीपी जळून गावाची लाइट गेली. अंडी गार पडली असती तर तुमच्या या भाचेसुनेला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. तुम्ही मागचापुढचा विचार न करता होटगीहून टेम्पोत घालून जनरेटर धाडलात. मामा असावा तर असा.

आता दारात यंत्र आलं की आपल्यात काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी हँडल मारलं, जनरेटर झकास सुरू झाला, आणि आईनं (म्हणजे तुमच्या चिमाअक्कानं) बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणून ओंजळभर भंडारा त्याच्यावर उधळला. जनरेटर पण लई भाविक, सगळा भंडारा नाकानं ओढून घेतला. ठसका लागल्यागत खोकला, काळा धूर सोडला आणि बसला. सोनाली रडकुंडीला आली. आई मात्र ढिम्म. तिनं अंड्यांच्या मशीनवर दोन घोंगडी टाकली, चुलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आत सरकवलं आणि मला म्हणाली, "देवाचं देवाला पावलं. आता तू त्येचं नाक साफ कर की." मी फिल्टर काढून झटकला, फुंकला (मिशा अजून पिवळ्या आहेत), पुन्हा हँडल मारलं आणि तुमचा वाघ जो सुरू झाला तो पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबला नाही. गटातल्या बायका त्याची दृष्ट काढून गेल्या. मामा, मला तर त्याच्याकडं बघून भरून आलं.

तुमचा भाचा,
बिरुदेव

ता. क. लग्नसराई आली, जनरेटर परत पाहिजे, हा तुमचा निरोप मिळाला. वस्तू तुमची, कधीही न्या.

आणखी ता. क. एवढंच की, लाइट आल्यावर जनरेटर बंद केला तर पिल्लांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं (अंड्यात असल्यापासून त्याचाच आवाज कानात). मोकळी सोडली, तर थेट त्याच्या पोटाखाली जाऊन बसली. दाणासुद्धा तिथंच टिपतात. तेव्हा पिसं फुटेस्तोवर राहू द्यावा, ही विनंती. नाहीच जमलं तर आईचा निरोप जसाच्या तसा लिहितो: "बाई म्हायेरला निगाली की लेकरं मागं येणारच. भावाला म्हणावं, मांडवात जागा धरून ठेव."