जाळायच्या राहिलेल्या फांद्या

अब्बा, कुवेतमध्ये अहमदीच्या पलीकडच्या त्या बागेत ऑलिव्हची छाटणी झाली की तुम्ही फांद्यांचे तुकडे मुद्दाम झाडांखाली ठेवायचात. लाकूड पोखरणारे बारीक भुंगेरे झाडं सोडून त्या तुकड्यांत शिरत, अंडी घालत. सालीवर भुसा दिसू लागला की, नवे भुंगेरे बाहेर पडायच्या आत, तुम्ही सगळं गोळा करून जाळायचात. "पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, कडी लावायची आणि घर पेटवायचं," असं म्हणून हसायचात.

मी तेव्हा शहराकडे, राई भागातल्या एका गॅरेजात कामाला होतो. शुक्रवारी सुट्टीला जलीब वस्तीत कामगारांच्या खोल्यांत भाषणं करायचो. तिथे एकेका खोलीत दहा माणसं थंडीत कुडकुडत, आणि इकडे तुम्ही चांगलं लाकूड जाळत होतात. "तुम्हाला मालकाच्या झाडांची काळजी आहे, माणसांची नाही," असं मी तुम्हाला तोंडावर म्हणालो. "मेल्या, बोलतोस झकास," तुम्ही म्हणालात, "पण किड्याला कान नसतात."

त्या हिवाळ्याच्या शेवटी तुम्ही तापाने हॉस्पिटलात पडलात आणि जाळण्याचं काम माझ्यावर सोपवलंत. मी सगळ्या फांद्या बागेतल्या शेडखाली रचल्या, पुढच्या थंडीत खोल्यांमधून वाटायला. "जाळलंस ना?" तुम्ही खाटेवरून विचारलंत. मी हो म्हणालो. आपण न्याय करतोय, असंच मला वाटत होतं.

तुम्ही परत आलात. शेडखाली वाकून एक तुकडा उचलता, सालीवरची भोकं बघता, मग माझ्याकडे बघता. उन्हाळ्यापर्यंत बागभर डहाळ्या वाळून गळू लागल्या. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "लकडी किसने रखी?"

"मैंने, साब," तुम्ही म्हणालात.

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. तुमचा अकामा रद्द झाला, कुवेतमध्ये राहायचा परवानाच गेला. तुम्ही रत्नागिरीला परतलात आणि दुसऱ्याच वर्षी गेलात.

आयुष्यभर राबलेल्या माळ्याला मालकाने एका दिवसात हाकललं, हे मी आजही भाषणात सांगतो. आवाज चढवतो, लोक पेटून उठतात. लाकडाचं सांगत नाही. अम्मीलाही तेवढंच ठाऊक आहे. रोज नमाजानंतर ती त्या मॅनेजरला बददुआ देते. तिला वाचून दाखवायचं म्हणून हे लिहायला बसलो होतो. नाही दाखवणार, अब्बा.