सातवा दिवस रिकामा

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बाई फोन सोडून पत्र लिहिते, म्हणजे कोणी गेलं की काय? कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. पत्राचं कारण एवढंच, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी त्या सातव्या दिवसाच्या आसपास पोचले की तुझ्या गॅसवर दूध उतू जातं, नाहीतर दाराची बेल वाजते. अकरा वर्षांत तुझ्याकडे इतकं दूध उतू गेलंय की एखादी डेअरी बुडाली असती. कागदासमोरून उठायला मात्र तुला निमित्त सापडणार नाही. तेव्हा बस, चष्मा लाव आणि आज मला शेवटपर्यंत बोलू दे.

आधी बातमी. मी एक सहल आखते आहे, नोकरीतली शेवटची. हिमालयातले तीन देश, सोळा दिवस, प्रवासी दोन, दोन्ही बायका, आणि सगळा थाट राजेशाही. उतरल्या उतरल्या फुलं घेऊन उभा असलेला माणूस, निवडायला चार प्रकारच्या उशा, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी आणि डोंगराकडे तोंड केलेला बाथटब. नुसती चैन नाही हं. जुन्या राजवाड्यातलं लाकडावरचं कोरीव काम समजावून सांगायला त्यातला जाणकार येणार, एका चित्रकाराच्या घरी बसून त्याच्या हाताखाली रंग घोटायला मिळणार, अर्धा दिवस विणकर बायकांच्या मागावर, आणि मठात सकाळचं पठण. यादी वाचून मी मनात म्हटलं, या बायांना मोक्षसुद्धा मऊ टॉवेलात गुंडाळून हवाय वाटतं. तर त्या दोघींपैकी एक तू आहेस. चहा सांडला असेल तर पुसून घे. दुसरी तुझी लेक, आणि ही तुझ्या साठीची भेट आहे. हे गुपित होतं आणि मी ते फोडलं, पण का फोडलं ते पुढे येईलच.

अठरा दिवसांपूर्वी ती ऑफिसात आली. चष्म्याच्या दुकानावरचा तोच जिना, त्याची चौथी पायरी अजून तशीच कुरकुरते. ती फ्रॉकात होती तेव्हा तू तिला इथे आणून बसवायचीस आणि ती माझ्या टाचण्या रंगांप्रमाणे लावत बसायची. आता लिफ्टची इंजिनिअर झाली आहे, दिवसभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं तपासते. बोलतेही तशीच, नेमकं आणि मोजून. माझ्यासमोरची खुर्ची ओढली, वही उघडली आणि म्हणाली की आईला वर न्यायचंय, आणि असं न्यायचंय की तिला स्वतःची पिशवीसुद्धा उचलावी लागू नये. मला हसू आवरेना. कारण मला तुझी ती हिरवी सॅक आठवली, जिला तू हमालालाही हात लावू द्यायची नाहीस.

आपण दोघींनी बावीस वर्षं हे काम कसं केलं, ते तिला कुठून माहीत असणार? तुझ्या पायाला भिंगरी आणि माझ्या बुडाखाली खुर्ची. मालकांनी आपल्याला ती नावं दिली ती काही उगीच नाही. तू आधी एकटी जाऊन पाहणी करायचीस. प्रत्येक हॉटेलातल्या प्रत्येक गादीवर लोळून बघायचीस, नळाला गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचीस आणि वहीत लिहून आणायचीस. ‘मठाला दोनशे बारा पायऱ्या, एकोणिसाव्या पायरीशी कठडा हलतो, साठीच्या पुढच्यांना आतल्या बाजूने न्या.’ त्या वहीवरून मी दिवस आखायची आणि मग तू गट घेऊन वर जायचीस. डोंगर तू पाहिलेस, मी ते फक्त कागदावर ओळीने मांडले. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही काय सुंदर सहल आखता हो. मीही निर्लज्जासारखी मान डोलवायची.

आणि तुझा तो रिकामा दिवस. उंचावर पोचलं की एक अख्खा दिवस काही म्हणजे काही करायचं नाही, हा तुझा कायदा. खिडकीत बसा, पाणी प्या, सावकाश चाला, शरीराची त्या विरळ हवेशी ओळख होऊ द्या. तू म्हणायचीस, हा दिवस गिऱ्हाइकाचा नाही, त्याच्या फुप्फुसांचा आहे. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत तो नेहमी खुपायचा. एवढ्या लांब येऊन आम्ही खिडकीत बसायचं का, असं प्रत्येक गटात कोणीतरी विचारायचंच. त्यांची समजूत घालायचं काम माझं होतं. ते मी चांगलं करायची. एकदा सोडून.

दुसऱ्या बैठकीला मी तुझ्या लेकीसमोर आराखडा ठेवला. सातव्या दिवसासमोर नुसती आडवी रेघ होती. मला वाटलं, आता हिचीही तक्रार येणार. ती त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, असा अजून एक दिवस ठेव. आईला घाई होते. तेव्हाही तिने घाईच केली ना, म्हणून तर ती परत वर गेली नाही. मी तिला कधीच माफ केलंय. तिनेच स्वतःला केलेलं नाही.”

भिंगरी, मी काय केलं सांगू? मी पेन्सिल उचलली आणि अकराव्या दिवसासमोरही रेघ ओढली. ‘ठेवू की’ म्हणाले. त्यावर ती मोकळी होऊन बोलायला लागली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, वर्गात मुली तिला आईवरून काय काय म्हणायच्या, ते तिने हसत हसत सांगितलं. दीड वर्ष ती डब्याच्या सुट्टीत एकटी बसायची. मी तिला बिस्किटं पुढे केली. ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले, खाली दुकानाचं शटर पडलं तेव्हा भानावर आले. तुला हे वाचून राग येईल, पण तोवर मला खरंच वाटत होतं की तू निदान घरी तरी खरं सांगितलं असशील. तुझा नवरा इतक्या वर्षांत मला एकदाही वाकडं बोलला नाही, उलट आमचे हे गेले तेव्हा चार दिवस माझ्या दारात उभा होता. मी ते त्याचं मोठेपण समजत होते. त्याला काही माहीतच नव्हतं. तू कोणालाच सांगितलं नव्हतंस.

म्हणून आता जे झालं ते एकदा नीट लिहिते. तुला ते पाठ आहे, पण ते माझ्या अक्षरात कुठेतरी असायला हवं. नऊ जणांचा गट होता. त्यातल्या कारखानदाराला मठातला मुखवट्यांचा नाच बघायचा होता आणि तो नाच नेमका सातव्या दिवशी येत होता. तू पाहणीसाठी दोन दिवस पुढे गेली होतीस. मी तुला न विचारता त्याला हो म्हटलं, सातव्या दिवसाच्या रेघेवर काट मारली, तिथे ‘मठ, नाच’ असं लिहिलं आणि तो कागद तुला फॅक्स केला. तासाभरात तुझा फोन आला. सातवा दिवस कुठे गेला, एवढंच विचारलंस. मी म्हटलं, सगळे धडधाकट आहेत, तू आहेस ना, सांभाळशील. तू म्हणालीस, गटात मास्तर आहेत, एकाहत्तर वर्षांचे. मी म्हटलं, आता शब्द दिलाय. पुढे तू काहीतरी बोलत होतीस. मी नंतर सगळ्यांना सांगत आले की लाइन तुटली. लाइन तुटली नाही. मी फोन ठेवला.

आठव्या दिवशी सकाळी विरळ हवा बाधून मास्तरांचे पाय वाकडे पडायला लागले आणि शब्द जड झाले. तू दोन हमालांना घेऊन त्यांना खाली आणलंस, अर्धी वाट तुझ्या स्वतःच्या खांद्यावर. म्हणूनच ते वाचले, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पण तो माणूस पुढे भिंतीचा आधार घेतल्याशिवाय कधी चालला नाही. तक्रार आली. मालकांनी आपल्या दोघींना समोर बसवून विचारलं की रिकामा दिवस कोणी काढला. त्याआधीच मी फाइलमधून तो कागद काढून घेतला होता, हेही आज लिहूनच टाकते. आमच्या ह्यांना अंथरुणाला खिळून तेव्हा सहा महिने झाले होते आणि घर माझ्या एकटीवर होतं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, “मी काढला. गट ठीक वाटला, मी पुढे नेला.” मी टाचण्यांच्या डब्याकडे बघत राहिले. जिना उतरताना तू म्हणालीस, आता यावर बोलायचं नाही. आयुष्यात तुझं एवढं एकच मी तंतोतंत ऐकलं, आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं.

तुझी नोकरी गेली. तू शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवायला लागलीस आणि मी इथे बसून तुझ्याच जुन्या वह्यांवरून लोकांना डोंगर दाखवत राहिले. प्रत्येक वाढदिवसाला तुझ्याकडे केक घेऊन आले, प्रत्येक वेळी तू मोठा तुकडा माझ्या ताटलीत टाकलास. आमचे हे होते तोवर माझ्याकडे गप्प बसायला कारण तरी होतं. ते गेले त्यालाही तीन वर्षं झाली. या तीन वर्षांना काहीही कारण नाही. नुसती भीती आणि सवय, दुसरं काही नाही. मला माझी लाज वाटते.

तू परत वर का गेली नाहीस, हे तुझ्या लेकीला कळलं नाही, पण मला आता कळतंय. तिथले ड्रायव्हर, हमाल, हॉटेलवाल्या बायका, सगळे तुला ओळखतात. त्यांनी विचारलं असतं की ताई, तुम्ही तो दिवस कसा काय सोडलात, तुम्ही तर कधी सोडत नाही. आणि तुला पुन्हा तेच खोटं सांगावं लागलं असतं. तुला खोटं बोलताच येत नाही. उभ्या जन्मात एकदाच बोललीस, तेही माझ्यासाठी. ज्या जागेवर तुझा एवढा जीव, ती मी तुझ्यासाठी बंद करून टाकली.

आज सकाळी मालकांकडे गेले होते. ते आता फक्त गुरुवारी येतात, ऐकूही कमी येतं. त्यामुळे मला सगळं दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं. बाहेरच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, तेही बरंच झालं. मालक म्हणाले की तिला काढलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. मास्तर आता नाहीत, पण त्यांच्या मुलाचा पत्ता मी मागून घेतला. हे पत्र झालं की त्याला लिहायला बसणार आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन.

सहलीचा आराखडा सोबत आहे. अकराव्या दिवसाची रेघ मी खोडली आहे, कारण ती खोट्यावर ओढलेली होती आणि त्या दिवशी चित्रकाराकडे जायचं आहे. सातवा दिवस मात्र रिकामा आहे. तो तुझा तूच भर किंवा भरू नकोस. जायचं की नाही तेही तूच ठरव. मी माफी मागते आहे, पण ती द्यायची घाई करू नकोस, आणि केक कापल्यासारखी मोठा तुकडा माझ्या ताटलीत टाकून मोकळी तर मुळीच होऊ नकोस. आराखड्याच्या मागे अजून एक कागद आहे, जुना, कडा पिवळ्या पडलेला. त्यावरची काट माझी आहे, ‘मठ, नाच’ हे अक्षर माझं आहे, खाली तारीखही आहे. अकरा वर्षं तो माझ्या खणात टाचण्यांच्या डब्याखाली होता. आणि पाकीट उघडं बघून लेकीवर ओरडू नकोस. ते मी चिकटवलंच नव्हतं. ती दुपारी आराखडा न्यायला येईल, तेव्हा हे तिच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे की आधी तू वाच, सगळं, आणि मगच आईला दे. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ती तुझ्यासमोरच कुठेतरी उभी असेल आणि तिला सगळं माहीत असेल. आता पत्र खाली ठेव आणि तिच्याकडे बघ.

तुझीच,
खुर्ची